एक लिहा आणि थांबा

हात जोडून लोकांपुढे उभं राहायची शैलेंद्र खांबेटेला सवय होती, पण ती कीर्तनातली. मतांसाठी हात जोडायची पाळी आली ती अठ्ठावन्नाव्या वर्षी, आणि तीही आयर्लंडात.

बॅलिकेरन हे नावन शहराच्या पुढे दहा-बारा किलोमीटरवरचं गाव. एक चर्च, दोन पब, औषधाचं एक दुकान, खेळाचं मैदान, आणि गावाच्या चारी अंगांना चिकटत गेलेल्या नव्या घरांच्या वसाहती. अशाच एका वसाहतीत शैलेंद्र एकोणीस वर्षं राहत होता. सकाळी गाडी काढायची, लिक्सलिपच्या चिप कारखान्यात जायचं, जाता-येता गाडीत जुनी कीर्तनं ऐकायची, आणि महिन्याच्या तिसऱ्या रविवारी नावनमधल्या एका हॉलमध्ये स्वतः कीर्तनाला उभं राहायचं. वडील मिरजेला कीर्तनं करायचे. त्यांचा गळा आपल्यात उतरला, वैराग्य तेवढं वाटेत सांडलं, असं तो स्वतःच हसून सांगायचा.

तीन वर्षांपूर्वी सुचित्रा गेली, तेव्हापासून हसणं कमी झालं होतं.

ती गेली त्या दिवशी मात्र त्याने एक नवल पाहिलं होतं. अख्खा रस्ता त्याच्या दारात आला. इथली रीतच तशी. ज्यांची नावंही त्याला धड ठाऊक नव्हती अशी माणसं रांगेने आत येत होती, हात हातात घेत होती, "सॉरी फॉर युवर ट्रबल" म्हणत होती आणि सँडविचचं ताट टेबलावर ठेवून भिंतीला टेकून उभी राहत होती. उना ब्रेडी तर चर्चच्या हॉलमधलं चहाचं मोठं भांडं उचलून घेऊन आली. उना म्हणजे गावाची काउन्सिलर, साठीची, आवाजाने मोठी. "साखर कुठल्या प्रेसमध्ये?" (प्रेस म्हणजे इथल्या बोलीत कपाट) म्हणत तिने स्वयंपाकघरातली कपाटं उघडली आणि तीन दिवस ती त्या घरात शैलेंद्रपेक्षाही सराईतपणे वावरली.

चौथ्या दिवशी भांडं परत गेलं. माणसंही गेली.

भांडण नव्हतं, अढी नव्हती. रस्त्यात गाडी समोरून आली की स्टिअरिंगवरचं एक बोट वर व्हायचं, शैलेंद्रही बोट वर करायचा. कुंपणापाशी हवेबद्दल दोन वाक्यं व्हायची. मग तो घरात यायचा, एका माणसाचा भात लावायचा, आणि चार खोल्यांपैकी तीन खोल्यांचे दिवे महिनोन् महिने लागायचे नाहीत. मुलगी स्वरांगी व्हँकुव्हरला. ती आयर्लंडातच वाढलेली, त्यामुळे मराठी समजायची सगळं, बोलायची मात्र इथल्या हेलातलं इंग्रजी. दर रविवारी तिचं एकच पालुपद, "सेल द हाउस, बाबा. हू हॅव यू देअर?"

तिथे तुमचं कोण आहे? या प्रश्नाला उत्तर काय द्यायचं ते त्याला सुचत नव्हतं. आणि म्हणून, खरं सांगायचं तर म्हणूनच, तो काउन्सिलच्या निवडणुकीला उभा राहिला. लोकांना तो बसच्या फेऱ्यांचं सांगे, मैदानावरच्या दिव्यांचं सांगे. ते खोटं नव्हतं. पण आतली गोष्ट निराळी होती. इथे मतपेट्या रस्त्यांनुसार लावतात, आणि मोजणीच्या दिवशी एकेक पेटी सगळ्यांदेखत उघडतात. त्यामुळे कुठल्या रस्त्याने कुणाला किती मतं दिली ते दुपारपर्यंत गावाला कळतं. शैलेंद्रच्या रस्त्याची पेटी तेवीस नंबरची. त्याने मनाशी ठरवून टाकलं: तेवीस नंबरात पहिल्या पसंतीची पन्नास मतं पडली, तर हे आपलं गाव. नाही पडली, तर घर विकायचं आणि लेकीकडे जायचं. ही पैज त्याने स्वरांगीलाही सांगितली होती. ती म्हणाली, "फेअर इनफ."

एप्रिलमध्ये उना त्याच्या दारात आली. ती स्वतःही पुन्हा उभी होतीच.

"रागावले नाही मी," ती म्हणाली. "उभा राहा की! पण एक कर. तुझ्या लोकांना सांग, तुला एक द्या आणि मला दोन. माझ्या लोकांना मी सांगते, मला एक आणि तुला दोन. त्या गॅरी टालनला आत येऊ द्यायचं नाही."

इथे मतपत्रिकेवर शिक्का नसतो. नावांपुढे पसंतीचे आकडे लिहायचे: एक, दोन, तीन, हवे तितके. सगळ्यात कमी मतांचा उमेदवार बाद होतो आणि त्याचे कागद ज्याच्या नावापुढे पुढचा आकडा असेल त्याच्याकडे जातात. गॅरी टालन हा तिशीतला गडी, गावात लहानपणापासून सगळ्यांच्या ओळखीचा. त्याच्या पत्रकावर एकच वाक्य मोठ्या अक्षरांत होतं: गाव भरलं आहे, आता पुरे.

"ग्रँड," शैलेंद्र इथल्या लोकांच्या 'ठीक आहे'च्या सुरात म्हणाला. "सांगतो की."

"नक्की?"

"ग्रँड, ग्रँड."

पुढच्याच तिसऱ्या रविवारी नावनच्या हॉलमध्ये कीर्तन होतं. दीडशेच्या वर माणसं जमली होती. या निवडणुकीत पासपोर्ट कुठला हे विचारत नाहीत, गावात राहणारा प्रत्येकजण मत देतो, आणि आपली माणसं आसपासच्या वसाहतींत पसरलेली. विषय होता अनन्यभक्तीचा. शैलेंद्रचा गळा त्या दिवशी असा काही लागला होता की पेटीवर साथीला बसलेली डॉक्टर मृणालिनीसुद्धा मान डोलावत राहिली. आरतीच्या आधी त्याने झांजा खाली ठेवल्या आणि हसत हसत, कीर्तनकार पदराला गाठ मारायला सांगतो तशा सुरात म्हणाला, "मंडळी, भक्ती एकाची. मन दोन ठिकाणी ठेवलं की दोन्हीकडून गेलं. मताचंही तसंच हो! माझ्या नावापुढे एक लिहा आणि थांबा. दोन नाही, तीन नाही. मत फुटू द्यायचं नाही!"

टाळ्या पडल्या. कुणीतरी मागून ओरडलं, "एकच बुवा!" आणि सगळा हॉल हसला.

प्रसाद वाटताना मृणालिनी जवळ आली. ती नावनच्या इस्पितळात होती, नागपूरची, बोलायला सडेतोड.

"बुवा, त्या उनाताईंना दोन द्यायचं ठरलं होतं ना? तुम्हीच म्हणाला होतात मागे."

"अगं, मत फुटतं."

"इथे नाही फुटत. तुम्ही बाद झालात तरच तो कागद पुढे जातो. तोवर तुमचाच."

"म्हणजे मी बाद होणार हे तू धरूनच चाललीस?" शैलेंद्र हसला. "चाळीस वर्षं निवडणुका बघतोय मी. दुसऱ्याला एक पाय ठेवायला दिला की आपला पाट गेला."

"तुमची मर्जी," ती म्हणाली आणि द्रोण घेऊन पुढे गेली.

महिनाभर त्याने दारं वाजवली. आणि काय सांगावं, एकही दार कडवट उघडलं नाही. "तू? अरे, तुला देणारच की!" "यू'ल बी लुक्ड आफ्टर, शैलेंद्र." "सुचित्राची आठवण येते रे, तिचा तो कोबीचा पदार्थ!" एका बाईने तर त्याला आत बोलावून चहा पाजला आणि गॅरीचं पत्रक कपाखाली ठेवलं. घरी आल्यावर तो वहीत घरांपुढे बरोबरची खूण करायचा. तेवीस नंबरच्या पेटीत अशा खुणा चौऱ्याऐंशी झाल्या. तेव्हा पन्नास म्हणजे त्याने स्वतःशी फार नम्रपणे धरलेला आकडा होता.

शुक्रवारी मतदान झालं. शनिवारी सकाळी नावनला एका मोठ्या हॉलमध्ये मोजणी सुरू झाली. टेबलांपुढे लोखंडी कठडे, आणि कठड्यांवर ओणवी झालेली माणसं. ही टॅलीवाली मंडळी. कर्मचारी पेटीतले कागद उघडून सरळ करतात, आणि तेवढ्या क्षणात ही माणसं एक कुठे आहे ते टिपून कागदावर रेघ ओढतात. उनाच्या बाजूने शेमस नावाचा म्हातारा होता. पन्नास वर्षं हेच करत आलेला. पापणी लवली तर पाप लागेल अशा नजरेने तो बघायचा.

"तेवीस आली," शेमस म्हणाला. "तुझी ना? ये, इथे उभा राहा. श्वास घेऊ नकोस, काच धुरकटते." त्याने चष्म्याकडे बोट केलं.

कागद उलटायला लागले. गॅरी. उना. गॅरी. गॅरी. मध्येच दुसऱ्या एका पक्षाची बाई. पुन्हा गॅरी. शैलेंद्रची पेन्सिल पाच मिनिटं कागदाला टेकलीच नाही. मग एक रेघ. बऱ्याच वेळाने लागोपाठ चार रेघा. पेटी संपली तेव्हा दोनशे बारा कागदांत त्याच्या अकरा रेघा होत्या.

अकरा. त्याने मनात मोजलं. रस्त्यावर आपल्या लोकांची चार घरं, त्यांची नऊ मतं. दहावं त्याचं स्वतःचं. उरलं एक.

कुणाचं असेल ते एक? चहा पाजणाऱ्या बाईचं? कोपऱ्यावरच्या त्या जुन्या सुताराचं, जो हवेबद्दलही बोलत नसे? ते कधीच कळणार नव्हतं. कागदावर नाव नसतं.

"तोंड काय पाडतोस?" शेमस म्हणाला. "एक बघतोयस तू. दोन बघ. मी एका डोळ्याने दोन बघतो. तुझे सत्तरच्या वर गेलेत या पेटीत. गॅरीच्या कागदांवरसुद्धा आहेत."

"गॅरीच्या? गाव भरलं म्हणणाऱ्याच्या?"

"गॅरी कुणाचातरी भाचा, कुणाच्यातरी मुलाला त्याने खेळ शिकवलेला. एक त्याचाच. तुझ्याशी त्याचा काय संबंध? तू शेजारी. शेजाऱ्याला दोन."

"सगळ्यांचा दोन," शैलेंद्र म्हणाला. "कुणाचाच एक नाही."

"एकचा आकडा लोक आईच्या पोटातून घेऊन येतात रे," शेमस म्हणाला आणि चोवीस नंबरच्या पेटीकडे सरकला.

शैलेंद्र गाडीत जाऊन बसला. कीर्तन लावलं आणि लगेच बंद केलं. तीन वर्षांपूर्वी दारात उभी असलेली ती रांग त्याला आठवली. त्या रांगेतल्या कुणाचाही तो पहिला नव्हता. त्याची ज्यांच्याकडे पहिली जागा होती अशी माणसं जगात दोनच, त्यातली एक गेली आणि दुसरी व्हँकुव्हरला. पैज लागली होती, आणि तो हरला होता. त्याला रडूही येईना.

रविवारी मात्र गंमत व्हायला लागली. पहिल्या पसंतीची त्याची मतं सगळी मिळून तीनशे अठरा. त्यावर तो दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतच बाद व्हायचा. पण कुणी ना कुणी बाद होत गेलं आणि त्यांच्या गठ्ठ्यांतून त्याच्या टेबलावर कागद येत राहिले. चाळीस आले. साठ आले. एका फेरीत शंभरावर आले. सातव्या फेरीअखेर सहापैकी पाच जागा भरल्या होत्या आणि शेवटच्या जागेसाठी तिघंच उरले: गॅरी एक हजार बावन्न, उना सातशे वीस, शैलेंद्र सातशे दोन.

अठरा मतांनी तो तिसरा. म्हणजे बाद.

आता त्याचे सातशे दोन कागद वाटायचे होते. कठड्याला टेकून तो बघत उभा राहिला. कर्मचारी मुलगी एकेक कागद उचलून खणांत टाकत होती. उना. उना. गॅरी. उना. आणि मग पुढचा आकडाच नसलेले कागद तिसऱ्या खणात, जो कुणाचाच नव्हता.

तो खण भरायला लागला.

शैलेंद्रला त्या कागदांवरचा आकडा लांबूनही दिसत होता. त्याच्या नावापुढे ठसठशीत एक, आणि खाली सगळं कोरं. पांढरंशुभ्र. इतक्या आज्ञाधारकपणे, इतक्या श्रद्धेने कोरं ठेवलेलं. कीर्तनात मागून ओरडणारा तो आवाज त्याच्या कानात घुमला. त्या खणात इतरही कागद पडत होते, पण असे नुसता एक असलेले तेवढे त्याने नकळत मोजायला सुरुवात केली. एकशे अडतीस.

स्वतःचा कागदही त्याला आठवला. त्यावरही एक होता आणि बाकी काही नव्हतं. एकोणीस वर्षं गावात राहून मतपत्रिकेवरच्या अठरा नावांत दुसरा आकडा द्यावा असं एकही माणूस त्याला सापडलं नव्हतं. उनाचं नाव त्याच्या नावाच्या अगदी वर होतं.

निकाल वाचला गेला. गॅरी टालन एक हजार एकशे पस्तीस, उना ब्रेडी एक हजार एकशे आठ. सत्तावीस मतांनी गॅरी आत.

एका कोपऱ्यातून आरोळ्या उठल्या. गॅरीला खांद्यावर घेतलं. खाली उतरल्यावर तो थेट शैलेंद्रकडे आला, घामेजलेला हात पुढे केला. "तुझ्याविरुद्ध काही नव्हतं हं, शैलेंद्र. माझ्या आईने तुला दोन दिला होता, शपथ!" आणि तो खरंच बोलत होता. शैलेंद्रने हात हातात घेतला आणि मान हलवली.

उना खुर्चीत बसून कोट चढवत होती. नवरा तिची बाही धरून उभा. शैलेंद्र जवळ गेला.

"किती होते?" तिने वर न बघता विचारलं.

"एकशे अडतीस."

"शेमसने एकशे चाळीस मोजले. म्हातारा झाला." तिने बटण लावलं. "मला वाटलं, तुझ्या लोकांना पद्धत कळली नसेल."

इथे गप्प बसता आलं असतं. पद्धत कळली नाही म्हटलं की सगळं झाकलं जात होतं. शैलेंद्रच्या घशाशी ते वाक्य आलंही. पण ज्या तोंडाने कीर्तन करायचं त्या तोंडाने ते म्हणवेना.

"त्यांना कळली होती," तो म्हणाला. "मीच सांगितलं होतं. एक लिहा आणि थांबा. कीर्तनात उभं राहून सांगितलं."

उनाने आता वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं.

"सुचित्राने मला दोन दिला असता," ती म्हणाली, आणि नवऱ्याच्या हाताला धरून निघून गेली.

संध्याकाळी स्वरांगीचा फोन आला. "वेल? हाउ मेनी फ्रॉम अवर रोड?"

"अकरा."

"आह, बाबा." ती म्हणाली. "दॅट्स इट, सो. शॅल आय रिंग द एस्टेट एजंट?"

"एक दिवस थांब."

"व्हाय? यू सेड फिफ्टी."

"म्हटलं होतं. पण ते मोजताना माझी बाजू मोजायची राहिली. थांब गं एक दिवस."

सोमवारी त्याने रजा टाकली. मतदानानंतर सात दिवसांत खांबांवरचे प्रचाराचे बोर्ड उतरवायचा कायदा आहे. बाकीच्या उमेदवारांची पोरं, भाचे, मित्र व्हॅन घेऊन फिरत होते. शैलेंद्रने शिडीची घोडी गाडीवर बांधली आणि एकटाच निघाला. खांबाशी घोडी लावायची, चढायचं, प्लॅस्टिकचे पट्टे कापायचे, उतरायचं, घोडी उचलायची. वारा होता आणि वर चढलं की घोडी हलायची. तिसऱ्या खांबावर त्याच्या बोर्डाखाली उनाचा बोर्ड होता. त्याने तोही कापला. मग पुढच्या खांबावर, जिथे त्याचा नव्हताच, तिथला उनाचाही कापला. दुपारपर्यंत त्याच्या गाडीत त्याचे सोळा आणि उनाचे एकतीस बोर्ड जमले. येता-जाता गाड्यांमधून बोटं वर होत होती. एकदोघांनी काच खाली करून "हार्ड लक!" म्हटलं. थांबलं कुणी नाही.

उनाच्या घरामागे छोटी शेड होती. ती अंगणातच होती, हातात रबरी मोजे, कुंड्यांशी काहीतरी करत. शैलेंद्रला बघून ती उठली नाही.

"तुझे बोर्ड आणलेत," तो म्हणाला.

"शेडमध्ये ठेव."

त्याने चार खेपा करून एकतीस बोर्ड भिंतीला लावून ठेवले. एकतीस वेळा उना बोर्डावरून त्याच्याकडे बघून हसत होती. बाहेर येऊन तो उभा राहिला. तिने बस म्हटलं नाही, चहाचं विचारलं नाही.

"येत्या तिसऱ्या रविवारी हॉलमध्ये सांगणार आहे," तो म्हणाला. "जिथून चुकीचं सांगितलं तिथूनच. चूक त्यांची नव्हती, माझी होती, हे."

उनाने मातीचं ढेकूळ फोडलं. "त्याने जागा परत येत नाही."

"नाही येत."

उना दुसऱ्या कुंडीकडे वळली.

"पुढच्या वेळी मी उभा राहणार नाही," शैलेंद्र म्हणाला. "तू राहिलीस, तर मी तुझ्यासाठी दारं वाजवीन. आमच्या लोकांची, आणि बाकीचीही."

"पुढची वेळ पाच वर्षांनी." उना आता उभी राहिली, गुडघे झटकले. "स्वरांगी तर मला म्हणाली होती, तू घर विकणार म्हणून. पाच वर्षांनी असशील का तू इथे?"

हाच प्रश्न त्याने तेवीस नंबरच्या पेटीला विचारला होता. इतकं तोंडावर त्याला तो कुणी विचारला नव्हता. त्याच्या डोळ्यांपुढून तीन अंधाऱ्या खोल्या गेल्या, एका माणसाचा भात गेला, तो एकुलता एक अनोळखी कागद गेला. या गावात तो कधी कुणाचा पहिला होणार नव्हता, हे आता मोजून झालं होतं.

"असेन," तो म्हणाला.

उनाने त्याच्याकडे पाहिलं. मोजे काढत ती पायऱ्या चढली.

"शेडचं दार नीट ओढून घे जाताना," ती पाठमोरीच म्हणाली. "वाऱ्याने उघडतं ते."

स्वयंपाकघराचं दार बंद झालं. शैलेंद्र शेडपाशी गेला, दार ओढलं, कडी लागली की नाही ते हलवून पाहिलं, आणि मग रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीकडे चालू लागला. अजून गावाच्या पलीकडच्या टोकाचे खांब राहिले होते.